बाहेरच्या कढईतला पहिला घाणा

पौष महिन्यात, एका बुधवारी सकाळी सुमन गेली. दुपारी तिला नेले. संध्याकाळी दत्ताभाऊने स्वयंपाकघरातली कढई धुतली आणि खिळ्याला लावली.

दत्ताभाऊ हा सुमनचा धाकटा भाऊ, राजूरला असतो. आमच्याकडे घरातले माणूस गेले की वर्षभर कढई चुलीवर चढत नाही. भाकरी होते, वरण होते, तळण होत नाही. सणाला शेजारी ताट आणून देतात. वर्ष झाले की भावकीबाहेरच्या कोणीतरी येऊन कढई चढवायची आणि पहिला घाणा (तळणाची पहिली खेप) घरच्यांच्या हातावर ठेवायचा. मग घर मोकळे झाले असे म्हणतात. आमच्या घरी वर्षश्राद्धाला दत्ताभाऊच्या बायकोने कढई चढवली, पुऱ्या तळल्या, पहिली पुरी माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी कढई घासून मी परत खिळ्याला लावली. एकट्या माणसाला तळण लागते किती?

आमची एकुलती एक मुलगी मनीषा कॅनडात, टोरंटोजवळच्या एका गावात राहते. आई गेल्याचे कळल्यावर ती निघाली. पोहोचली तेव्हा राख सावडून झाली होती. तेराव्यानंतर ती परत गेली. लग्न झालेल्या लेकीला वर्षाचे बंधन नसते, ती दुसऱ्या घरची. मनीषाने ते आपणहून घेतले. वर्षश्राद्ध होऊन महिना उलटला, तेव्हा जावयांचा, अभिजितरावांचा फोन आला.

"नाना, कढई अजून वरच्या कपाटातच आहे. कोणाकडं जेवायला जात न्हाई, कोणाला घरी बोलवत न्हाई. विषय काढला की उठून जाते. मला काय बोलावं कळंना. तुम्ही एकदा या."

मी कुंभार पिंपळगावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. पुस्तकांतून पुष्कळ फिरलो, प्रत्यक्षात पुण्याच्या पुढे गेलो नव्हतो. तरी हो म्हणालो.

निघायच्या आदल्या दिवशी दत्ताभाऊ आला. पिशव्या बांधून झाल्यावर मला म्हणाला, "दाजी, एक ध्यानात ठेवा. तिथं जाऊन तुम्ही कढई चढवू नका बरं का. तुम्ही घरचे. जावई बी घरचेच."

"मग कोण चढवणार? तिकडे माझ्या ओळखीचे कोण आहे?"

"ओळखीचं कशाला पाहिजे? बाहेरचं पाहिजे."

सामानात एक पत्र्याचा डबा होता. त्यात सुमनने शेवटच्या उन्हाळ्यात केलेल्या कुरडया होत्या. गव्हाचा चीक शिजवून, सोऱ्यातून दाबून, गच्चीवर वाळवलेल्या. दोन पावसाळे त्यांनी काढले होते, आणि तळल्याशिवाय त्या खाता येत नाहीत, म्हणून तशाच राहिल्या होत्या. मी सगळाच डबा घेऊन चाललो होतो. शेजारच्या रुकसानाभाबींनी अडवले. वर्षभर सणाची ताटे त्यांच्याच घरून यायची. सुमनकडूनच शिकलेल्या शंकरपाळ्या त्या मला वाढायच्या.

"सर, सब नको ले जाव," त्या म्हणाल्या. "आधे इधर रहने दो. तुम्हाला बी लागतील की."

मला लागणार नाहीत, असे मी म्हणालो नाही. निम्म्या कुरडया काढून बरणीत ठेवल्या.

जालन्यापर्यंत बस, तिथून रात्रभराची रेल्वे, मग विमान. विमानाबद्दल सांगण्यासारखे एवढेच की ढग वरून पाहिले, तर ते आपल्याकडे वेचणीच्या वेळी अंगणात ओतलेल्या कापसासारखे दिसतात. टोरंटोच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने डबा उघडायला लावला. कुरडईचा एक गोल उचलून त्याने दिव्याजवळ धरला.

"नूडल्स?" त्याने विचारले.

मी हो म्हणालो. समजावून सांगायला बराच वेळ लागला असता. त्याने कुरडई जपून, होती तशीच परत ठेवली.

फाल्गुन होता. गावाकडे उन्हे तापायला लागली होती आणि इथे रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग होते, धुळीने काळे पडलेले. मनीषा विमानतळावर आली होती. वाळली होती. "नाना, दमले असाल," एवढे म्हणाली आणि पिशवी माझ्या हातातून घेतली.

घर नीटनेटके होते. जेवणही चांगले. मुगाची खिचडी, भाज्या, फुलके. डबा मी तिच्या हातात दिला. तिने झाकण उघडले, आत पाहिले, परत लावले. मग स्टुलावर चढून वरच्या कपाटात, कढईच्या शेजारी, डबा ठेवून दिला. ती कढई मी ओळखली. लग्नानंतर ती पहिल्यांदा इकडे यायला निघाली, तेव्हा सुमनने जालन्याच्या बाजारातून घेऊन दिलेली. लोखंडी, दोन कानांची. वजनामुळे अर्धे कपडे पिशवीतून काढावे लागले होते.

सकाळी ती कामावर जायची. मी जवळच्या ग्रंथालयात जाऊन बसायचो. तिथे खिडकीजवळ एक खुर्ची होती आणि कोणी काही विचारत नव्हते. संध्याकाळी आम्ही तिघे जेवायचो. पहिला आठवडा असा गेला. तिने आईचे नाव काढले नाही. मीही काढले नाही. आमच्या घरात बोलण्याचे खाते सुमनकडे होते. ती गेल्यावर कळले की आम्ही दोघे एकमेकांशी तिच्यामार्फतच बोलत आलो होतो.

शनिवारी जेवणाआधी अभिजितराव म्हणाले, "नाना, आज बाहेर जाऊ. इथं एक नाइट मार्केट आहे. पूर्वेकडच्या देशांत रात्रीचा खाण्याचा बाजार भरतो ना, तसा. पण छताखाली."

"तुम्ही दोघं जा," मनीषा म्हणाली.

"मला एकट्याला तिथलं काय कळणार?" मी म्हणालो. ती कोट घालायला उठली.

बाहेरून ती इमारत आपल्या मोंढ्यातल्या (धान्यबाजारातल्या) गोदामासारखी होती. लांब, बसकी, पत्र्याची. समोर गाड्या, गाड्यांवर बर्फ, आणि दुपारचा पांढरा उजेड डोळ्यांना टोचत होता. दोन दारे ओलांडून आत गेलो आणि रात्र झाली.

खरेच रात्र. छत काळे रंगवलेले, एकही खिडकी नाही. वर तारांवरून तांबडे कागदी कंदील सोडलेले. दोन्ही बाजूंनी छोट्या टपऱ्या, त्यांवर चिनी, कोरियन, थाई अक्षरांच्या झगमगत्या पाट्या. जमिनीवर बोळ आखलेले. एका बोळात तर कोणीतरी जुनी सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती, निव्वळ दिसायला. दुपारी येणाऱ्यालाही रात्रीच्या बाजारात आल्यासारखे वाटावे, म्हणून हा सगळा खटाटोप. पुस्तकात वाचले असते तर हसलो असतो. पण त्या अंधारात शिरल्यावर मला बरे वाटले. बाहेरच्या उजेडात माणूस फार दिसतो.

मग कढया दिसल्या.

प्रत्येक टपरीत कढई होती. कुठे दोन, कुठे चार. खोलगट, काळ्याभोर, लांब दांड्याच्या, आमच्याकडच्या कढईला कान असतात तिथे यांना दांडा. खाली गॅसचा जाळ इतका मोठा की कढईच्या काठावरून वर यायचा. आचारी एका हाताने कढई उचलून आपटत होते, दुसऱ्या हाताने पळी चालवत होते. सगळ्या बाजूंनी लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. ज्याच्या घरी वर्षभर एकही कढई चढली नाही, त्याला इतक्या कढया एकदम दिसल्या. मी मनीषाकडे पाहिले. ती जमिनीकडे पाहत चालली होती.

आम्ही एक लाकडी टेबल धरले. इथे टेबले सगळ्यांची सामाईक. शेजारी एक कुटुंब वाफेवरच्या मोदकांसारखे काहीतरी काड्यांनी खात होते. अभिजितरावांनी एका टपरीवर काही मागवले आणि माझ्या हातात एक काळी चकती दिली. पदार्थ तयार झाला की ती थरथरते, असे त्यांनी सांगितले होते. तरी ती हातात थरथरली, तेव्हा मी ती टेबलावर टाकून दिली. शेजारच्या कुटुंबातल्या आजीबाईंनी ती उचलून मला दिली आणि हसल्या.

मग वास आला. तो इतका ओळखीचा होता की मी मागे वळून पाहिले.

"अंकुशनगर," मी म्हणालो.

अभिजितराव अंबडचे. त्यांना लगेच कळले. गळीत हंगामात अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या बाजूने वारा आला की मळीचा (उसाच्या रसातून उरलेल्या दाट काळ्या द्रवाचा) जो वास येतो, अगदी तसा. शोधत गेलो, तर आंबवलेल्या टोफूची (सोयाबीनच्या पनीरची) टपरी निघाली. समोर रांग होती.

"नाना, खाऊन बघता का?"

"बघतो."

एक तुकडा खाल्ला. वास नाकात राहिला, चव मात्र साधी, मिठाची. दुसरा खाववला नाही. अभिजितराव म्हणाले, "आमच्या आजोबांनी मळीच्या वासात जन्म काढला, पण ती कोणी प्लेटमधी वाढली न्हवती." मी हसलो. मनीषा हसली नाही.

पुढच्या टपरीशी ती थांबली. तिथे एक तरुण माणूस भोके पाडलेल्या लाकडी यंत्रात पिठाचा गोळा भरून, वरच्या दांड्यावर अंगाचा सगळा भार टाकत होता. खालून शेवया थेट उकळत्या पाण्यात पडत होत्या. आमच्या सोऱ्याचाच थोरला भाऊ. ती बराच वेळ पाहत राहिली.

"आई असंच दाबायची," ती म्हणाली. "पाय उचलायची जमिनीवरून."

मी आल्यापासून तिने पहिल्यांदा आई हा शब्द उच्चारला होता. मी म्हणालो, "आणि मला म्हणायची, नुसते वाचत बसू नका, सोऱ्या धरा."

"धरायचे का तुम्ही?"

"धरायचो. ती रागवायची. वाकडा धरता म्हणायची."

टेबलाशी परत आल्यावर अभिजितराव चहा आणायला गेले. खरे तर चहा नको होता. आम्हाला दोघांना सोडून ते गेले होते. मी विचारले, "मनू, कढई काढणार नाहीस का?"

ती उठून गेली नाही. हातातल्या पावतीच्या घड्या घालत राहिली.

"तुम्ही सगळ्यांनी काहीतरी केलं, नाना. तुम्ही पाणी पाजलं. मामानं खांदा दिला. भाबी रात्रभर बसल्या. मी आले तर तिचं काहीच राह्यलं न्हवतं करायचं. माझ्या वाट्याला एवढंच आलं. ते बी सोडून देऊ?"

मला दत्ताभाऊचे ते 'बाहेरचं पाहिजे' आठवले. मी उठलो.

समोरच्या टपरीत एक पन्नाशीच्या बाई केळ्यांची भजी तळत होत्या. पाटीवर मलेशियाचे नाव होते. पिकलेली केळी उभी चिरून, पिठात बुडवून तेलात सोडायची. तेल स्वच्छ होते, जाळ बेताचा. मी रांगेत उभा राहिलो. मला इंग्रजी चांगले वाचता येते. बोलायला गेलो की शब्द पुस्तकातलेच बाहेर पडतात. मी त्यांना जे विचारले, त्याचा मराठीत अर्थ असा होतो:

"बाईसाहेब, आपण कृपा करून माझ्या मुलीसाठी कढई चढवाल काय?"

त्यांनी कढईकडे पाहिले, मग माझ्याकडे. "कढई चढलेलीच आहे. सकाळपासून. किती प्लेट?"

"प्लेट नको. पहिला घाणा हवा."

"पहिला? पहिला सकाळीच गेला."

"तोच हवा होता," मी म्हणालो.

माझ्यामागे चार-पाच माणसे उभी होती. बाईंनी झारा तसाच वर धरला होता आणि त्यातून तेल ठिबकत होते. तेवढ्यात मनीषा धावत आली.

"नाना, काय करून राह्यले तुम्ही? लोक थांबलेत मागं."

"तू सांग त्यांना."

"काय सांगू?"

"जे आहे ते."

ती बाईंकडे वळली. आधी माफी मागितली. वडील गावाकडून आलेत, असे काहीसे म्हणाली. मग थांबली. बाई वाट पाहत होत्या. आणि मग मनीषाने, मागे पाच माणसे उभी असताना, एका परक्या बाईला, परक्या भाषेत सांगितले की माझी आई गेली.

"कधी?" बाईंनी विचारले.

"वर्ष झालं. वर्षाच्या वर. आमच्यात घरात तळत नाहीत. मग बाहेरच्या कोणीतरी तळून हातावर द्यायचं असतं. म्हणजे पुन्हा सुरू करता येतं."

"आणि तुला कोणी दिलं नाही?"

"मी कोणाला सांगितलंच नाही."

बाईंनी मागच्या लोकांना तळहात दाखवला, थांबा म्हणून. कढईत होते ते सगळे काढून घेतले. तेलावर तरंगणारे जळके कण झाऱ्याने एकेक करून टिपले. जाळ कमी केला, पुन्हा वाढवला. एक केळे सोलले, चिरले, पिठात बुडवले आणि सोडले. आम्ही तिघे तेलाकडे पाहत उभे होतो. केळे आधी बुडाले, मग वर आले, उलटले, सोनेरी झाले. मागे कोणी कुरकुरले नाही, किंवा कुरकुरले असेल तर मला ऐकू आले नाही.

बाईंनी ते कागदावर घेतले आणि कठड्यावरून वाकून मनीषाच्या हातावर ठेवले.

"हा पहिला," त्या म्हणाल्या. "फुंकर मार. जीभ भाजेल."

मनीषाने फुंकर मारली. अर्धे खाल्ले. उरलेले अर्धे माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "नाना, घ्या." मी घेतले. आत केळे नुसते गोड लापशीसारखे झाले होते, बाहेर कुरकुरीत. अभिजितराव तीन कप चहा घेऊन येऊन उभे राहिले होते. ते आता दुसरीकडे तोंड करून पाट्या वाचत होते. मनीषा रडत होती आणि बोटे चाटत होती.

बाई पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागल्या होत्या. मध्येच आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "आणखी?"

"दोन प्लेट," मनीषा म्हणाली.

बाहेर आलो, तर दिवस तसाच होता. बर्फावर ऊन पडले होते. इतका वेळ आत रात्र होती आणि बाहेर दुपार अजून संपलेली नव्हती, याचे मला नवल वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताभाऊला फोन लावला. मनात थोडी शंका होती. घरची कढई नव्हे, बाजारातली. पहिला घाणाही तसा पहिला नव्हे. मी सगळे सांगितले. तो ऐकत होता.

"बाई कुठली म्हणले?"

"मलेशियाची."

"आपल्या भावकीतली तर न्हाई ना?"

"नाही."

"मंग बराबर है. खाल्लं ना पोरीनं?"

"खाल्ले."

"मंग काय विचारून राह्यले दाजी? बिलकुल चालतं."

मनीषा दारात उभी राहून ऐकत होती. तिने स्टूल ओढले. कढई खाली काढली, तर आतून तांबूस गंज धरला होता. तो घासायला तिला बराच वेळ लागला. मी धुवायला मदत करायला गेलो, तर म्हणाली, "सरका नाना, वाकडी धरता तुम्ही." मग डबा काढला. पहिली कुरडई तेलात सोडली, ती जराशी थांबली आणि एकदम फुलली, पांढरी, तळहाताच्या दुप्पट. काही तुकडे झाले होते, तेही तळले. आम्ही तिघांनी ओट्याजवळ उभे राहूनच खाल्ल्या. मीठ थोडे जास्त होते. सुमनच्या कुरडयांत ते नेहमीच जास्त असायचे, आणि दर वर्षी ती म्हणायची की यंदा चीक फसवा निघाला.

त्या आठवड्यात मनीषाने कामावरच्या दोन मैत्रिणींना जेवायला बोलावले. मी निघेपर्यंत नाइट मार्केटला आम्ही पुन्हा एकदा गेलो. त्या दिवशी केळ्यांच्या भज्यांच्या टपरीत दुसरेच कोणी होते. त्या बाईंचे नाव मला विचारता आले नाही.

परत आलो तेव्हा चैत्र संपत आला होता. जालन्याच्या स्टेशनवर पहाटेच गरम वारा होता. बसमधून गावात शिरलो, तर गच्च्यांवर जुनी पातळे अंथरून बायकांनी कुरडया घातल्या होत्या. रुकसानाभाबी त्यांच्या गच्चीवरून चिमण्या हाकत होत्या. मला पाहून खाली आल्या.

"मनू कैसी है, सर?"

"बरी आहे. कढई चढली."

"कोणी चढवली?"

मी सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग माझ्या दाराकडे हात करून म्हणाल्या, "आणि ही?"

मी कुलूप काढले. स्वयंपाकघरात महिनाभराची धूळ होती. कढई खिळ्यावरून काढली, घासली, पुसली. तेल तापले की नाही ते मला कळेना, म्हणून भाबींना हाक मारली. त्यांनी दारातूनच पाहिले आणि म्हणाल्या, "अब डालो." दोन कुरडया तळल्या. एक त्यांना दिली, एक मी खाल्ली.

आता खिळा रिकामा आहे. कढई ओट्यावर असते. मनीषाचा रविवारी फोन येतो आणि आम्ही बोलतो. बरणीच्या तळाशी सुमनच्या थोड्या कुरडया आहेत. पावसाळ्याआधी त्या तळून संपवायच्या आहेत.